बाबांच्या सदऱ्यावरचा सेंट

आयुष्यातला पहिला सेंट मी विकत घेतला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नोकरीला लागून वर्ष झाल्यावर. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात एक साहेब होते. ते अजून जिन्यात असायचे आणि त्यांचा वास आमच्या टेबलापर्यंत पोचलेला असायचा. दालचिनी, चंदन, व्हॅनिला आणि या सगळ्यांच्या खाली धुपासारखं काहीतरी जड. साहेब कमी बोलायचे, पण ते आले की सगळे आपोआप नीट बसायचे. यात त्या वासाचा हात असणार, असं मला वाटायचं. एकदा धीर करून मी सेंटचं नाव विचारलं आणि दिवाळीच्या बोनसमधून तीच बाटली आणली.

खोक्यात इंग्रजीत लिहिलेली एक घडीची चिठ्ठी होती. मी मराठी शाळेत शिकलेला, कॉलेजातही इंग्रजीशी माझं जेमतेमच जमलेलं, म्हणून डिक्शनरी घेऊन बसलो. हा सुगंध ‘ओरिएंटल’ प्रकारचा आहे, असं त्यात म्हटलं होतं. तो लावणारा पुरुष गूढ असतो, अनुभवी असतो, फार बोलत नाही, आणि तो खोलीतून निघून गेला तरी त्याची आठवण मागे राहते. ओरिएंटल म्हणजे पूर्वेकडचा. आम्ही पूर्वेकडचेच, पण विरारजवळच्या नंदाखालच्या आमच्या घरात तसा पुरुष एकही नव्हता. तो आपण व्हायचं, असं मी मनावर घेतलं. आज लिहितानाही कान गरम होतात.

बाबांची पानवेलीची बाग होती. पानवेलीला खत म्हणून एरंडीची पेंड लागते. ती पिंपात भिजत घालायची, आठवडाभर कुजू द्यायची, कोपरापर्यंत हात घालून ढवळायची आणि डब्याडब्याने वेलांच्या बुडाशी ओतायची. तिचा वास साबणाने जात नाही. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. माझ्या दहावीच्या वर्षी ते माझ्या वह्यांना हात लावण्याआधी लिंबाने हात चोळून धुवायचे, वहीला वास लागू नये म्हणून. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तिथवर कसा पोचलो हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी पुढचं सगळं माझ्याच हातून झालं.

माझ्यासाठी चंदनसारचं स्थळ आलं. मुलीचे वडील मूळचे उमेळ्याचे, आमच्याच समाजातले. बागायतीची वाडी विकून ते फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. मुलगी बी.एस्सी. झालेली. तिला मी एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना तिने माझ्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भात घातला आणि म्हणाली, “ऑफिसात जेवायला देत नाहीत वाटतं.” तेव्हापासून मला तीच हवी होती. स्थळ आईच्या मावसभावाने आणलं होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी पाहायला जायचा रविवार ठरवला आणि मला एकच काळजी लागली, बाबांच्या अंगाच्या वासाची. फ्लॅटमधली माणसं, बंद खोली, वर पंखा. वास सगळ्या खोलीभर फिरेल.

आदल्या दिवशी मी बाबांना सूचना दिल्या. फार बोलू नका. बोललात तर आपली घरची बोली नको, नीट शुद्ध बोला. बागेचा विषय काढू नका. ते प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणत गेले. रविवारी त्यांनी दोनदा आंघोळ केली, अंगाला लिंबू चोळलं. खरं तर तेव्हा वास राहिला होता की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. मला मात्र तो येत होता. मी बाटली घेऊन आलो. बाबांनी विचारलं, हे काय? सेंट आहे, म्हणालो. डॉक्टरांसमोर उभं राहावं तसे ते हात वर करून उभे राहिले. त्या बाटलीचे एक-दोन फवारे पुरतात. मी गळ्यावर, सदऱ्यावर, दोन्ही काखांत, रुमालावर, सहा-सात तरी मारले. त्यांना शिंका सुटल्या, डोळ्यांना पाणी आलं. आई म्हणाली, “नवरदेव कोन ते तरी कळू दे लोकांना.” बाबा हसले. निघताना मी त्यांना तोंडात धरायला लवंग दिली.

विरारहून रिक्षाने चंदनसारला पोचेपर्यंत दुपारचे तीन झाले. उन्हाने आणि घामाने तो सेंट बाबांच्या अंगावर चढत गेला. साहेबांच्या अंगावर धुपासारखा वाटणारा वास आता उसाच्या मळीसारखा गोड आणि कोंदट झाला होता. बैठकीच्या खोलीत आम्ही बसलो तशी मुलीच्या आईने पदर नाकाला लावला. मुलीचे वडील बाबांच्या शेजारी बसून आपुलकीने काहीबाही विचारत होते. बाबा लवंग गालात सरकवत, एकेक शब्द जुळवत, अडखळत उत्तर देत होते. शिंका आणि उन्हाने त्यांचे डोळे लाल झाले होते. मुलीच्या वडिलांनी दोनदा विचारलं की आता काय लावता वाडीत, आणि दोन्ही वेळा बाबांनी माझ्याकडे पाहून “असंच आपलं” म्हणून विषय सोडला. मुलगी पोहे घेऊन आली. मी चिठ्ठीतल्या पुरुषासारखा गप्प बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आले. बाबा पाय धुऊन ओट्यावर बसले होते. मामांनी आधी इकडचं तिकडचं काढलं, मग आईकडे पाहत म्हणाले की मुलगा त्यांना पसंत आहे, पण घरात नशापाणी असलेलं त्यांना चालणार नाही.

“नशापानी कोनाचं?” आईने विचारलं.

मामा बाबांकडे पाहीनात. “डोळे लाल, जीभ जड, तोंडात लवंग, वरून सेंटचा भपकारा. मानसानं काय समजायचं?”

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आसपास ताडी-माडी उतरत असे, पण तीही नाही. ते थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. मग म्हणाले, “आपन कधी शिवलोपन नाय.” एवढंच. मामा म्हणाले, मला माहीत आहे हो, पण त्यांना कोण पटवणार?

मामांनी मोजलेल्या चारही गोष्टी माझ्या होत्या. लवंग माझी, सेंट माझा, लाल डोळे त्या सेंटचे आणि जड जीभ मी सांगितलेल्या शुद्ध बोलण्याची. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मी आत गेलो आणि पाणी प्यायलो.

पंधरा दिवस मी बोललो नाही. बाबा संध्याकाळी देवळाच्या पारावर गप्पांना जायचे, ते बंद झाले. आईने कारण विचारलं तर म्हणाले, कंटाळा येतो. त्या दिवसांत मी स्वतःला समजावत होतो की खरं सांगितलं तर बाबांना जास्त लागेल. ही समजूत सोयीची होती. खरं कारण असं की त्यांच्या तोंडावर मला सांगावं लागलं असतं की मला तुमच्या वासाची लाज वाटली.

शेवटी एका रविवारी मी एकटाच चंदनसारला गेलो. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं आणि काही न विचारता आत बसवलं. मुलगीही येऊन बसली. मी सगळं सांगितलं, पेंडीपासून लवंगेपर्यंत.

“पेंडीचा वास?” ते म्हणाले. “अरे, माझा बाप जन्मभर त्याच वासात होता. वाडी विकली आणि तो वास घरातून गेला. तुझे बाबा तसेच आले असते ना, तर मी त्यांना सोडलं नसतं रात्रीपर्यंत. तरीच म्हटलं, वाडीवाला माणूस वाडीवर का बोलत नाही.”

त्यांचा आवाज मऊ झालेला ऐकून मला आशा वाटली आणि मी नको ते बोलून गेलो. म्हणालो, “मग आता आपल्या सोयरिकीचं...”

मुलीने मला मध्येच थांबवलं. “तुम्ही त्यांच्या नावावरचा डाग पुसायला आलात की लग्नाचं विचारायला?”

खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. “दोन्ही,” म्हणालो.

“आणि इतके दिवस त्यांना ते तसंच ऐकून घेऊ दिलंत?”

“हो.”

“मग आता नकार माझा आहे,” ती म्हणाली. रागाने नाही. आतून पाण्याचा पेला आणून तिने माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायलो आणि निघालो.

पुढच्या रविवारी सकाळी तिचे वडील नंदाखालला आले. बागेच्या तोंडाशी त्यांनी कोणी न सांगता चपला काढल्या. पानवेलीत अनवाणी जायचं असतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते आणि बाबा आत तासभर होते. मी घरातून पाहत होतो. बाबा वाकून एकेक वेल दाखवत होते, मधूनच हसण्याचा आवाज येत होता. हसणं बाबांचं होतं, ते मी ओळखलं. जाताना पाहुण्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात धरले. पानं घेऊन गेले.

मग बाबा ओट्यावर येऊन बसले. आता त्यांना सगळं कळलं होतं. ते ओरडतील म्हणून मी थांबलो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मी समजत होतो, मीच काय तरी वावगं बोललो,” ते म्हणाले. “रोज आठवून बघायचो, काय बोललो ते.”

ते उठले, आत जाता जाता थांबले.

“पोरगी चांगली होती रे.”