सिंहाच्या कातड्यातली बहनजी

माझ्या लग्नासाठी आत्यानं एक नियम करून ठेवला होता. पाहुणे समोर बसले की मी तोंड उघडायचं नाही.

"हौ आन नाई, एवढंच म्हनाचं पोरी. बाकी मी सांगीन," असं ती चुलीपाशी बसून मला बजावायची. तिचंही खरं होतं. वारासिवनीकडची दोन स्थळं आली होती आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता: पोरगी चांगली आहे, पण बोलते फार.

मी तेव्हा बालाघाटला आत्याकडे राहत होते. माझं गाव कटंगीजवळचं. आईबाबा तिकडे धानाच्या शेतीत अडकलेले, म्हणून माझं स्थळ पाहण्याचं काम त्यांनी आत्यावर सोपवलं होतं. मी नागपूरला मामांकडे राहून मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. नवा मध्य प्रदेश होऊन काही वर्षं लोटली होती. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. शाळेतले हिंदीचे वर्ग गच्च भरलेले, आणि मराठीचा एकुलता एक वर्ग अगदी टोकाला, सायकली ठेवायच्या छपराशेजारी. मुली मराठी घरातल्या, पण मधल्या सुट्टीत भांडायच्या ते हिंदीत. मला सगळ्या 'बहनजी' म्हणत.

आमचे हेडमास्तर सागरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी अशी स्वच्छ की त्यांच्यासमोर आपण पाय पुसून मगच बोलावं असं वाटे. त्यांना नाटकाचं वेड होतं, आणि त्याहून मोठं वेड म्हणजे प्राचीन ग्रीस देशातल्या प्राण्यांच्या गोष्टी. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातल्या गोष्टी ते मला मराठीत सांगत आणि मी त्या वर्गात सांगे. एकदा त्यांनी मला एक मोठा तक्ता करायला लावला. कुठला प्राणी कशासाठी येतो, ते चित्रांसह दाखवायचं. सिंह म्हणजे सत्ता, कोल्हा म्हणजे हुशारी, लांडगा म्हणजे जुलूम, मुंगी म्हणजे कष्ट, गाढव म्हणजे... गाढवापुढे काय लिहावं यावर ते बराच वेळ विचार करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "रिकामं ठेवा. मुलींना विचारा."

मुलींना विचारणं म्हणजे आपण होऊन आग्यामोहळात हात घालणं. पहिलाच प्रश्न आला, "बहनजी, सिंह कायले? आपल्या जंगलात तं वाघ असते." मी म्हटलं, तिकडे सिंहच राजा. "मंग आपला वाघ कोन, तहसीलदार?" वर्ग हसला. मग मी म्हाताऱ्या सिंहाची गोष्ट सांगितली. शिकार होईना म्हणून तो आजारी पडल्याचं सोंग करून गुहेत झोपतो. समाचाराला जाणारा एकेक प्राणी आत जातो. कोल्हा मात्र दारातूनच परत फिरतो, कारण पावलं सगळी आत गेलेली दिसतात, बाहेर आलेलं एकही नाही. मी विचारलं, "ही गुहा म्हणजे काय असेल?" माझी अपेक्षा होती कुणीतरी 'धोका' म्हणेल. मागच्या बाकावरून शांतपणे उत्तर आलं, "सासर."

मी इतकी हसले की हेडमास्तर खिडकीतून डोकावून गेले.

सिंहाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट निघाली तेव्हा बौद्ध वॉर्डातली एक मुलगी उभी राहिली. "बहनजी, हे गोष्ट माह्या बाबांनी सांगतली. विहारात भंतेजी आलते, त्यायनं सांगतली. बुद्धाच्या मागच्या जन्मातली आहे." तिच्या गोष्टीत गाढवाचा मालक व्यापारी होता. तोच गाढवावर कातडं घालायचा आणि लोकांच्या शेतात चरायला सोडून द्यायचा. ग्रीक गोष्टीतलं गाढव कातडं स्वतःच पांघरतं आणि रानातल्या प्राण्यांना भेडसावत फिरतं. दोन्हीकडे शेवटी ते ओरडतं आणि पकडलं जातं. हे मी हेडमास्तरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे ही गोष्ट तिकडून इकडे आली, की इकडून तिकडे गेली?" ते खोलीत फेऱ्या मारत स्वतःशीच बोलत राहिले. उत्तर काही मिळालं नाही, पण त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मराठी वर्गाचं नाटक कुठलं, ते ठरून गेलं.

तक्ता करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. या गोष्टींत काही प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. कुणीतरी दुसऱ्याचं रूप घेतो: गाढव कातडं घेतं, कावळा मोराची पिसं खोचतो, लांडगा मेंढरू बनतो. आणि दुसरं म्हणजे तोंड. कावळा गायला तोंड उघडतो आणि चोचीतला घास जातो. आपल्याकडच्या गोष्टीतलं काठी तोंडात धरून हंसांसोबत उडणारं कासव बोलायला तोंड उघडतं आणि खाली आपटतं. गाढव ओरडतं आणि फसतं. मला हे इतकं आवडलं की घरी येऊन मी आत्याला सांगितलं. तिनं विळीवरून मान वर केली आणि म्हणाली, "पाह्य! गिरीक लोकायले बी समजत होतं. तुलेच समजत नाई."

नाटकाला सिंह, कोल्हा, ससे, बकऱ्या, सगळ्या पटापट मिळाल्या. गाढव व्हायला कुणी तयार होईना. मुली शहाण्या होत्या. एकदा गाढव झालं की ते नाव शाळा सुटेपर्यंत चिकटणार, हे त्यांना पक्कं माहीत. मी समजावून पाहिलं, मुख्य भूमिका गाढवाचीच आहे म्हणून सांगितलं. शेवटी त्याच मागच्या बाकावरून सूचना आली, "बहनजी, तुमीच व्हा ना." बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. आणि मला, खरं सांगायचं तर, मनातून व्हायचंच होतं.

कातडं तयार केलं ते धानाच्या बारदान्याचं. हळदीच्या पाण्यात दोनदा बुडवून ते पिवळं केलं. आयाळीसाठी धानाच्या मळणीतून नुकतंच निघालेलं तणस आणलं, त्याच्या पेंढ्या वळून गळ्याभोवती शिवल्या. उन्हात वाळत घातलं तेव्हा सिंह खरंच सोन्याचा दिसायला लागला. हेडमास्तरांनी संवाद लिहून दिले, ते मात्र कठीण होते. "अहो वनचरांनो, पलायन करा! मी मृगेंद्र येत आहे!" तालमीत माझ्या तोंडून एकदा "पळा रे, मी येऊन राह्यलो" असं गेलं तर ते हात वर करून थांबले. "बहनजी, हे ग्रीक गाढव आहे. वऱ्हाडी नव्हे."

इकडे आत्याच्या जिवाला घोर लागला होता. तुमसरचं एक स्थळ यायचं होतं, पुढच्याच रविवारी. मुलगा डाकघरात नोकरीला, घरी फक्त आई. "अन् तू गाढव होऊन राह्यली?" आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "कोनी पाह्यलं तं?" मी म्हटलं, "आत्या, मी कातड्याच्या आत असणार. कोण ओळखतं?"

संमेलन दुपारी होतं, थंडीतल्या छान उबदार उन्हात. शाळेच्या मैदानात लाकडी पाटांचा मंच, मागे जोडलेल्या चादरींचा पडदा, समोर सतरंज्यांवर गावातल्या बायामाणसांची गर्दी. आत्या नको नको म्हणत होती, पण आली होती आणि पुढेच बसली होती. हिंदी वर्गांची गाणी झाली, मग आमचा नंबर लागला.

सुरुवात उत्तम झाली. मी चार पायांवर मंचावर आले, डरकाळी फोडली, ससे पळाले, बकऱ्या पळाल्या, पुढे बसलेलं एक लहान पोरही रडत आईच्या कुशीत शिरलं. "पलायन करा! मी मृगेंद्र येत आहे!" माझं मलाच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात लोक हसायला लागले. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते. मी पुढचा संवाद म्हटला, हसणं वाढलं. मग माझ्या मानेला मागून हिसका बसला.

मैदानाचं फाटक कुणीतरी उघडं ठेवलं होतं. शेजारची गाय पडद्याच्या बाजूनं सरळ आत आली होती आणि माझी आयाळ खात होती. ताजं तणस, तेही पेंढ्या बांधून समोर ठेवलेलं. तिची तरी काय चूक! मी पुढे सरकले, ती पुढे सरकली. मी मान सोडवायला गेले तर तिनं असा हिसका दिला की बारदाना टराटरा उसवला आणि माझी वेणी बाहेर आली. त्या क्षणी मृगेंद्र, वनचर, पलायन, सगळं पार विसरून मी ओरडले:

"अवो माय वो! हे गाय मले खाऊन राह्यली! हाकला नं कोनी तिले!"

मैदानात हशा कोसळला. कोल्हा झालेली मुलगी गायीला हाकलायचं सोडून पोट धरून खाली बसली होती. मग ससेच धावून आले आणि त्यांनी गाय ढकलत बाहेर नेली. मी फाटका बारदाना गळ्यात घेऊन मंचाच्या मधोमध उभी. पळून जावं असं वाटत होतं, पण समोर इतकी माणसं इतक्या आनंदानं हसत होती की मलाही हसू आवरेना. मी हात जोडले आणि म्हटलं, "हौ बाप्पा, गाढवच होतो मी. गायीनं ओळखलं, तुमाले उशीर लागला." टाळ्या थांबेनात. हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत होते. नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "बहनजी, गाढव वऱ्हाडीच निघालं. चांगलंच झालं."

आत्या मात्र घरी येऊन थेट चुलीपाशी बसली. रात्रीच्या भाताला आधण ठेवता ठेवता तिनं सांगितलं की शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं आत्याला विचारलं, "कोन वो हे गाढव?" आणि आत्या म्हणाली होती, "मले काय मालूम! असन कोनी मास्तरीण."

"म्हणजे तू मला ओळख दिली नाहीस?" मी विचारलं.

"कशी देऊ? तुही वेनी लोंबत होती अन् गाय तुहा गळा खात होती."

रविवारी तुमसरचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि बरोबर एक मामा. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बैठकीत गेली आणि तशीच स्वयंपाकघरात परत आली. तांब्या हातातच. "तेच बाई," ती कुजबुजली. "माह्या बाजूनं बसलती, तेच." त्या बाईंची बहीण बालाघाटलाच राहत होती. त्या आठवडाभर आधी तिच्याकडे आल्या होत्या आणि तिच्या नातीचं गाणं बघायला शाळेत गेल्या होत्या. आता काय करायचं? आत्यानं माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडून म्हणाली, "पोरी, आज तं बोलूच नको. आवाजावरून ओळखन ते."

मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि मान खाली घालून बसले. मामांनी शिक्षण विचारलं, आत्यानं सांगितलं. गाव विचारलं, आत्यानं सांगितलं. स्वयंपाक येतो का? मी "हौ" म्हटलं, अगदी बारीक आवाजात. बाई पोहे खात होत्या. माझी नजर त्यांच्या पायांवर होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी बशी खाली ठेवली.

"काय वो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी गायीसमोर तं लय तोंड चालत होतं तुहं. आज काहून बंद?"

आत्यानं डोळे मिटून घेतले. मी मान वर केली. बाईंच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या, हसू दाबून धरल्यासारख्या. मग मी म्हटलं, "आत्यानं मना केलं आहे."

त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. मामांना काही कळेना, म्हणून त्यांना सगळी हकीगत सांगावी लागली आणि ती मीच सांगितली, गायीच्या हिसक्यासकट. हसू ओसरल्यावर बाई आत्याकडे वळल्या. "माह्या घरी दिवसभर आवाज नाई वो. हा माहा पोरगा सकाळी 'येतो' म्हनते अन् संध्याकाळी 'आलो' म्हनते. मी भिताडासंगं बोलू काय?"

मी पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिलं. उंच, सावळा, हातात टोपी घेऊन बसलेला. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या आईनं म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. तो हातातली टोपी फिरवत राहिला. मग मीच विचारलं, "तुम्हाला या प्राण्यांच्या गोष्टी ठाऊक आहेत?"

"आहेत," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "शाळेत होत्या."

"मग त्यात तुम्ही कोण?"

आत्यानं मला चिमटा काढला. तो मात्र विचार करत होता, खरोखर विचार करत होता. असा प्रश्न मनावर घेणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

"कासव," तो म्हणाला. "पण ते उडणारं नाही. मी जमिनीवरचं."

मला तो तिथेच आवडला.

लग्न उन्हाळ्यात गावी झालं. माझ्या वर्गातल्या काही मुली बसनं आल्या होत्या. हेडमास्तरांनी मला एक शाल दिली आणि माझ्या नवऱ्याला वाकून सांगितलं की या बाईंना रिकामं बसू देऊ नका, तुमसरला शाळा आहेतच. बाबा मंडपात कुणाकुणाला ती गायीची गोष्ट सांगत फिरत होते. त्यांनी ती पाहिली नव्हती, तरी अशा थाटात सांगत होते की जणू गाय त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमसरच्या बसमध्ये बसलो. कटंगीचा बाजार भरला होता, त्यामुळे बस तिथे खूप वेळ थांबली. सासूबाई खाली उतरल्या आणि कागदात गरम भजी घेऊन आल्या. त्यांनी भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला, खिडकीजवळची जागा मला दिली आणि स्वतः मधे बसल्या.

"खा वो," त्या म्हणाल्या. "अन् खात खात सांग. त्या शाळेत अजून काय काय झालं?"

पलीकडे माझा नवरा खिडकीबाहेर बघत असल्यासारखा बसला होता, पण त्याचे कान आमच्याकडे लागलेले होते. मी एक भजं उचललं आणि सांगायला लागले.