कुलूप लावलेल्या लायब्ररीची पायरी

अगं, फोन नीट कानाला लाव, आजीला इतके महिने तोंड दाखवायचं नाही असं असतं का? चिकूच्या चकत्या वाळत घातल्या की त्या वासानं चिकूच्या वाड्यांमधलं तुझं कॉलेज आठवतं. त्या दिवशी सुट्टी असून "लायब्ररीत जाते" म्हणालीस, म्हणून मी संशयानं तलासरीहून तुझ्या मागोमाग डहाणूला आले. बघते तर लायब्ररीला कुलूप! आता हिचं शिक्षण बंद, असं ठरवूनच लायब्ररीच्या मागच्या बाजूला गेले, तर तू तिथल्या पायरीवर एकटीच मोबाईल घेऊन. "आजी, भाताच्या करपा रोगावरचे हे लेख कॉलेजच्या वायफायवरच उघडतात." "असं? मग चल फाटकाबाहेर!" बाहेर लेख उघडेना, पायरीवर परत आलो तर उघडला. तरी मी संध्याकाळपर्यंत कुणी मुलगा तुला भेटायला येतोय का म्हणून फाटकाकडेच बघत बसले. तू किती मन लावून वाचत होतीस, ते बघायचंच राहिलं गं. लवकर ये, चार दिवस राहायला.