खाऱ्या पाण्यात धुतलेला फोटो

यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, पण कागदावर लिहायला काय हरकत? भगवंतराव. मेहकरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि हौसेनं फोटोग्राफर. एका जागी बूड म्हणून टेकायचं नाही. हिवाळ्यात शनिवारी शाळा सुटली रे सुटली, की कॅमेऱ्याचं स्टँड खांद्यावर टाकून निघाले लोणारच्या तळ्याला. वरची कड, धार नावाच्या झऱ्याच्या पायऱ्या, खाली काठावरचं कमळजेचं देऊळ. धुकं कुठे रेंगाळतं, ऊन आधी कुठे उतरतं, सगळं तोंडपाठ. घरातलं मीठ कधी संपतं, याचा मात्र पत्ता नाही.

हे पाच वर्षांचे असताना मामंजी प्लेगात गेले. "मले बाबाचा चेहराच आठवत नाही," एकदा जेवताना म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठून गेले. निदान आईचा तरी फोटो घरात असावा, हा एकच ध्यास. पण सासूबाई ऐकतील तर शपथ!

"पांढऱ्या कपाळाचा फोटो काऊन काढतं बे? लोकं हसतीन मले."

त्या वर्षी पौषात सासूबाई मोठ्या तापातून उठल्या. आठ दिवस हे उशाशी बसून होते, तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. अट अशी, की आसपास परकं माणूस दिसता कामा नये, आणि काढायचा तो एकदाच.

तळ्याकाठी सकाळी चिटपाखरू नसतं, म्हणून लोणार ठरलं. धर्मशाळेत मुक्काम केला आणि तांबडं फुटताच खाली उतरलो. माझ्या एका हातात सासूबाईंचा हात, कमरेवर धारेच्या गोड पाण्याची घागर. ही घागर यांनीच मला आणायला लावली होती. तळ्याचं पाणी साबणासारखं बुळबुळीत, त्यात फोटोची काच धुतली की वाया जाते, हे दहा वेळा सांगून.

खाली उतरलो आणि यांचं सुरू झालं. देवळापाशी बसवलं, तिथे सावली. बाभळीखाली बसवलं, तिथे फांदी आडवी. "माय, जरा इकडं. अजून जरा."

"मी काय मूर्ती हाव का रे? जथी तथी मांडून राह्यला!"

शेवटी पाण्याच्या कडेला बसवलं. धुकं वर उठत होतं. सासूबाई पाण्याकडे बघत बसल्या आणि यांनी कॅमेऱ्यातली काच उघडून फोटो घेतला. इतकी चांगली जागा मी पुन्हा पाहिली नाही.

काच घरी नेऊन धुवावी की नाही? पण यांना कुठला धीर! काळ्या कापडाचा तंबू तिथेच ठोकला. आत औषधाचं काम झालं आणि ओरडले, "पाणी दे!" घागर मी बाभळीखालीच विसरले होते. "थांबा, आणते," म्हणत मी पळाले. परत येते तो यांनी तळ्याचंच पाणी ओतून घेतलेलं. सासूबाईंचा चेहरा मी क्षणभर पाहिला. मग दुधावरची साय सरकावी तसा तो काचेवरून घसरला आणि पाण्यात गेला.

कोरी काच हातात धरून हे चिखलात बसले आणि रडले. मला आधी संताप आला, मग मी पदरानं यांचे चिखलाचे हात पुसले. दुसरी काच पेटीत होती, पण अट एकदाचीच होती. पुन्हा विचारायची यांची हिंमत झाली नाही.

तंबू गुंडाळून वर चढलो. धारेवर तोवर बाया जमलेल्या, त्यांत दोघी मेहकरच्या, आमच्याच आळीतल्या. सासूबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि चालू लागल्या. चार पायऱ्या चढल्या, वळून यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच बसल्या. पदर मागे सारला.

"काढ."

"माय, लोकं हायेत इथं."

"असू दे. मी गेल्यावर तू मले पाह्यशीन कशात?"

जागा शोधण्यात जन्म घालवलेल्या या माणसानं उभा होता तिथेच स्टँड टेकवलं. कोणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंनी नजर हलवली नाही.

त्या फोटोत तळं नाही, धुकं नाही. मागे घागरी आहेत आणि कुणाचं तरी वाळत टाकलेलं लुगडं. कपाळ मात्र लख्ख आलं आहे.