अटी वाचणारा माणूस

कॉम्प्युटरनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वडवणीच्या आमच्या शाळेतले क्लार्क, गहिनीनाथ भाऊसाहेब. 'ही फाईल नक्की पुसायची का?' असं पडद्यावर आलं, की आपण डोळे झाकून 'हो' करतो. भाऊसाहेब माउसवरचा हात काढायचे, खुर्चीला टेकायचे आणि पडद्याला म्हणायचे, "थांब. विचार करून सांगतो." मग उठून माठातलं पाणी पिऊन यायचे. कधीकधी उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. तोवर कॉम्प्युटर चालूच.

दाखल्यावरची जन्मतारीख जरा इकडंतिकडं करा म्हणून भलेभले त्यांच्या टेबलापाशी येऊन गेले. एका पुढाऱ्याचा माणूस तर पेढे घेऊन आला होता. भाऊसाहेबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पेढा लई चांगला हाय. पन तारीख कावून बदलायची? लेकरू काय दोनदा जन्मलं का?"

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना फर्मान आलं. विद्यार्थ्यांच्या माहितीचं पोर्टल जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उघडणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, शनिवारपर्यंत नवी सिस्टीम चालली तर ठीक, नाहीतर हे डबडं भंगारात. त्या डबड्यात भाऊसाहेबांनी शाळेच्या पहिल्या पोरापासूनचं सगळं जनरल रजिस्टर टाइप केलं होतं.

"दुसऱ्या मशीनमध्ये टाकून घेऊ की," मी म्हणालो.

"आन् एक नाव गळालं तर? त्यो शाळेत गेलता, ह्ये कोन सांगनार?" त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. "सर, ह्येच चालू करा. न्हाईतर मला जेवन जायचं न्हाई."

मी इंग्रजीचा मास्तर, म्हणजे गावाच्या मते कॉम्प्युटरचाही. रविवारी बीडला जाऊन सिस्टीमचं खोकं मीच आणलं. परवाना एका कॉम्प्युटरपुरता. आता खरं सांगून टाकतो. सोमवारी शाळेत नेण्याआधी ती सिस्टीम मी गुपचूप माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर लावून घेतली. फुकटात होतंय तर कोण सोडतो?

शाळेत मात्र पहिल्याच पायरीला घोडं अडलं. 'मी अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.' मी टिचकी मारणार, तोच भाऊसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"वाचल्यात का?"

"अहो भाऊसाहेब, त्या कुणीच वाचत नाही!"

"मंग वाचल्या म्हनून कावून सांगता?"

झालं! दोन दिवस मी अटी मोठ्यानं मराठीत सांगतोय आणि हा बाबा वहीत टिपून घेतोय. अण्वस्त्रं बनवायला ही सिस्टीम वापरू नये, असं एक कलम निघालं. भाऊसाहेबांनी लगेच शिपाई तुकारामला बोलावून विचारलं, "आपल्याकडं तसलं काय न्हाई ना?" तुकारामनं स्टोअररूम बघून येतो म्हणून सांगितलं आणि खरंच बघून आला. 'एका परवान्यावर एकच कॉम्प्युटर' हे कलम आलं, तेव्हा मला एकदम खोकला आला. ते मी गाळलं.

शुक्रवारी सिस्टीम बसली, पण अ‍ॅक्टिव्हेट होईना. इंटरनेटवरून नकार आला. उरला कंपनीला फोन. स्पीकर लावला, तर रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत बोलू लागली. भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "नमस्कार ताई. आमी वडवनीहून बोलतोय." ताईनं मागितले तेवढे सगळे आकडे त्यांनी एकेक करून दाबले. शेवटी तिनं विचारलं, ही सिस्टीम किती कॉम्प्युटरवर लावली आहे?

भाऊसाहेबांचं बोट एकच्या बटणावर गेलं आणि थांबलं. "सर, एकच ना?"

हो म्हणालो असतो तर काम फत्ते होतं. पण जन्मात खोटं न लिहिलेल्या माणसाच्या बोटानं मी खोटं दाबून घेणार होतो. माझी मलाच लाज वाटली.

"दोन," मी म्हणालो. "एक माझ्या घरी आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दोन दाबलं. ताईनं नकार देऊन फोन बंद केला.

"अहो, एक दाबायचं ना! घरची मी नंतर काढली असती!"

"नंतर काढाल. आत्ता दोन हायेत का न्हाई?"

भर उन्हात घरी गेलो, सिस्टीम काढली, घामाघूम होऊन परत आलो. वाटलं, सुटलो. तर भाऊसाहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. "लेखी द्या." शाळेची सिस्टीम विनापरवानगी घरी लावली होती, आज काढली, असं लिहून मी मुकाट्यानं सही केली. त्यांनी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, कागद फाईलला लावला आणि मगच फोन लावला. "नमस्कार ताई. मगाशी दोन सांगितलं हुतं. आता एक हाय."

कॉम्प्युटर चालू झाला. भाऊसाहेबांनी पहिल्या पोराचं नाव उघडून पाहिलं आणि टोपीनं डोळे पुसले.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेलेही. ऑफिसात शिरलो की अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा शाळेची तपासणी लागली आणि मला तो कागद आठवला. नवे क्लार्क जेवायला गेलेले बघून मी फाईल काढली. कागद फाडायचाच, असं ठरवून.

माझ्या सहीखाली भाऊसाहेबांच्या अक्षरात एक शेरा होता. 'सरांना खोटे बोलता आले असते. बोलले नाहीत. नोंद असावी.'

मला रडूच आलं. फाईल बांधून मी जागेवर ठेवून दिली.