अक्काच्या तिजोरीनं भिंतीकडे तोंड केलं

आधी माझी बाजू ऐकून घ्या. माझं जळगावात मोटारी आणि स्टार्टरचं दुकान आहे. ज्याच्या खिशाला आयुष्यभर टेस्टर लटकलेला, त्याला भूत दाखवणं अवघड असतं. "शेठ, विहिरीवरची मोटार आपोआप चालू होते, तिथं काहीतरी आहे..." असं कुजबुजत आलेली कितीतरी गिऱ्हाईकं मी पाहिलीत. दर वेळी त्या 'काहीतरी'चं नाव लूज कनेक्शन असं निघालं. या सदरातले तुमचे अनुभव मी न चुकता वाचतो. बायकोला आवाज काढून वाचून दाखवतो, आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. आता माझी पाळी आलीय. हसा खुशाल, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याची. आमचे भावजी, नाना, वारले तेव्हापासून ती तिथं एकटीच होती. मुलगा परदेशात, गुडघे कामातून गेलेले, पण "मी कोणाच्या दारात राहणार नाही" हा ताठा मात्र शाबूत. शेवटी कशीबशी ती आमच्याकडे कायमची राहायला तयार झाली. अट एकच होती. तिजोरी बरोबर येणार.

तिजोरी म्हणजे पत्र्याचं कपाट डोळ्यांपुढे आणू नका. जाड लोखंडाचा काळा ठोकळा, माझ्या छातीएवढा उंच, दाराला पितळी मूठ. नानांच्या वडिलांनी सरकीच्या व्यापारात असताना घेतलेली. आत अक्काचे दागिने. नात पाळण्यात असल्यापासून ते तिच्या लग्नासाठी राखून ठेवलेले.

मी म्हटलं, "अक्का, दागिने काढून पिशवीत घे, तुझ्या मांडीवर ठेव. तिजोरी मागून टेम्पोत येईल."

"येडा व्हयना का रे? रिकामी तिजोरी उंबरा ओलांडत नाही कधी. घराची बरकत मागे राहते."

तिच्या सासरी हा नियम होता म्हणे. झालं! दागिने आत आणि हमालांना हे कळता कामा नये. त्यांचे मुकादम गफूरभाई, हा माणूस अवजड यंत्रं हलवण्यात मुरलेला. त्यांनी तिजोरीला टिचकी मारली आणि विचारलं, "अम्मा, अंदर क्या है?"

"काहीच नाही!" अक्का एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या.

"कुछ नही, तो ताला कायको?" गफूरभाई म्हणाले आणि गालात हसले.

मग काय, अक्का टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आणि मी मागून गाडीत, नजर टेम्पोच्या फाळक्यावर. पारोळ्याला सगळे चहाला उतरले, ही उतरली नाही. एरंडोलला मी भजी नेऊन दिली तर म्हणाली, "तू इथं काय करतोस? मागे कोण आहे?" देशाची सीमा सांभाळावी तसा आमचा तो प्रवास झाला.

आमचं घर नशिराबादच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत. तळमजल्यावर मागची खोली अक्कासाठी तयार केली होती. नुकतीच नवी फरशी बसवलेली, बायकोचा, म्हणजे मंदाचा, जीव की प्राण. हमालांनी पोती अंथरली, खाली लोखंडी पाईप सरकवले, पहारी लावल्या. "हेईशा!" च्या गजरात ती बया इंच इंच करत भिंतीला लागली. दक्षिणेच्या भिंतीला पाठ आणि तोंड उत्तरेला, कुबेराच्या दिशेला, अक्का सांगेल तसं. मधे फक्त चार बोटांची फट. गडी घामानं निथळले होते. एकाची तर कंबर धरली.

मंदा दारात उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, एवढं काळं थोबाड रोज बघायचं का?"

अक्कानं ते ऐकलं. आणि पदरानं तिजोरीची मूठ पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, अक्का आली म्हणून मंदानं मुद्दाम केलेली. जेवण झालं तशी अक्का हात पुसत मागच्या खोलीत गेली, आणि तिथून हाक आली...

"अरुण्या! हाई कोनी करं रे?"

मी धावलो. तिजोरीची पाठ आमच्याकडे होती. तोंड भिंतीला. दार, मूठ, कुलूप सगळं भिंतीकडे आणि मधे पुन्हा तीच चार बोटांची फट.

जरा डोळ्यांपुढे आणा. असा ठोकळा जागच्या जागी फिरत नाही, त्याचे कोपरे भिंतीला अडतात. आधी तो पुढे ओढायचा, मग फिरवायचा, मग मागे ढकलायचा. सहा गड्यांचं काम! आम्ही तिघं तर वांग्याची सालं काढण्यापासून जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरातच होतो.

अक्कानं मंदाकडे पाहिलं. आता एक गोष्ट सांगतो. अक्का चिडली की अहिराणी बोलते आणि संशय आला की शुद्ध मराठी. ती अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली, "मंदा, तुला हिचं तोंड बघायचं नव्हतं, नाही का?"

"अहो अक्का, मला गॅसचं सिलिंडर सरकवता येत नाही!"

"एकटीनं केलं असं मी कुठं म्हटलं?"

आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

गफूरभाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी तिजोरी पाहिली, फरशी पाहिली आणि मला बाजूला घेतलं. चेहरा पडलेला. "अरुणशेठ, सच बताओ. दूसरी टोली बुलाई थी ना? हमसे सस्ते में किया क्या?" म्हणजे तेही संशयातच! मी आईची शपथ घेतली तरी त्यांना पटलं नाही.

गड्यांनी तिजोरी सरळ केली. त्यात फरशीवर दोन लांब ओरखडे उठले आणि मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं... गड्यांनी फिरवली तर ओरखडे. आणि ती दुपारी फिरली, तेव्हा फरशीवर एक रेघ नव्हती.

अक्कानं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून तिजोरी उघडली. बऱ्याच वेळानं दार उघडून म्हणाली, "बठ्ठं शे. काहीच गयं नही."

"बघ! सगळं आहे. उगाच घाबरलीस," मी म्हटलं.

मग शुद्ध मराठी आलं. "काहीच गेलं नाही. म्हणजे अजून न्यायचं बाकी आहे."

सांगा, या तर्कापुढे टेस्टर काय करणार?

तरी मी करायचं ते केलं. पाणसळ लावून फरशी तपासली, सरळ. हायवेच्या ट्रकांनी घर हादरतं का म्हणून पाण्याचा पेला ठेवून बसलो, पाणी हललं नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी केलेला माझा साडू आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "व्हायब्रेशन असणार." मी म्हटलं, "व्हायब्रेशन बरोबर अर्धा फेरा मारून थांबतं का?" त्यानं विषय बदलून केळीचे भाव विचारले.

शेवटी मी तिजोरीभोवती रांगोळीची जाड रेघ ओढली, पार भिंतीपर्यंत. अक्काचं अंथरूण त्या रात्रीपुरतं पुढच्या खोलीत, खिडकीला आतून कडी, दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कोणी पाय ठेवला तर उमटणार! मी मनातून खूश होतो. खरं सांगू? मला मंदाचाही संशय होता आणि अक्काचाही. वाटलं, म्हातारीला इथं करमत नसेल, परत जायला निमित्त शोधत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिघांनी मिळून कुलूप उघडलं.

रांगोळी जशीच्या तशी. कुठं बोट उमटलेलं नाही की कण विस्कटलेला नाही. आणि त्या रेघेच्या आत तिजोरी पाठ करून उभी!

मंदानं रामरक्षा सुरू केली. अक्का मात्र घाबरली नाही. ती माझ्या खिशाकडे बघत होती.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना, अरुण?"

अरुण्या नाही. अरुण!

तासाभरात तिनं बॅग भरली. "मी धुळ्याला जाते. दार भिंतीला आहे तोवर कोणाचा हात पोचत नाही, तिजोरीचं नंतर बघू. ज्या घरात माझ्या वस्तूला हात लागतो, त्या घरात मी पाणी पिणार नाही."

"अक्का, तिथं तुला जिना चढता येत नाही. मागे मोरीत पडलीस तर शेजारच्यांना संध्याकाळी कळलं..."

"पडेन. पण माझ्या घरात पडेन."

मंदाला रडू फुटलं. "उद्या बठ्ठं गाव म्हणेल, भावजयीनं विधवा नणंदेला हाकललं. सोन्यासाठी! मी तुमच्यासाठी कळणा दळून आणला हो अक्का..."

मी हात जोडले. म्हटलं, "दोघी ऐका. आज दुपारी आपण तिघं त्या खोलीत बसू. तिजोरी सरळ करून घेतो. कोणी उठायचं नाही, कोणी कोणाला नजरेआड होऊ द्यायचं नाही. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर मी स्वतः तुला धुळ्याला सोडतो."

गफूरभाई आले. यावेळी काम करून चहाही न घेता गेले. जाताना म्हणाले, "अब मत बुलाना."

भर दुपार. दार सताड उघडं, खिडकीतून ऊन. अक्का खुर्चीत, मंदा स्टुलावर, मी तिजोरीसमोर पाटावर. मधे टीपॉय, त्यावर चहा. नुसतं बसवेना म्हणून पत्ते काढले. पाच-तीन-दोन. तिघांचाच तर खेळ तो!

आणि महाराजा, काय तो खेळ! अक्का मंदाच्या हातांवर डोळा ठेवून, मंदा अक्काच्या पायांवर, मी दोघींवर. पत्त्यांकडे कोणाचं लक्षच नाही. तरी अक्का डाव जिंकत होती, आणि तिथंच मंदाला शंका आली.

"अक्का! पदराखाली काय आहे?"

"काही नाही."

"आहे! मी बघितलं! अहो, यांनी इस्पिकचा एक्का दाबलाय!"

"माझा पदर तपासतेस? तू?"

"तुम्ही माझी पर्स तपासलीत काल! मला काय कळलं नाही?"

दोघी उभ्या. अक्का गुडघे विसरून उभी! झटापटीत एक्का खाली पडला, टीपॉयखाली गेला. मी वाकलो, उचलला, विजयी वीरासारखा वर धरला, "हा बघा मुद्देमाल!" आणि माझा हात तसाच वर राहिला.

तिजोरीची पाठ आमच्याकडे होती.

आवाज झाला नव्हता. फरशी थरथरली नव्हती. कपातल्या चहावर साय आली होती, तीसुद्धा मोडली नव्हती. तिजोरीचा पहारा करायला तिघं बसलो होतो, आणि तिघंही एकमेकांकडे बघत होतो. तिजोरीकडे कोणीच बघत नव्हतं!

मंदा हळू आवाजात म्हणाली, "अक्का... मी इथंच होते ना?"

अक्का खुर्चीत बसली, मंदाचा हात ओढून तिलाही जवळ बसवलं.

"व्हती वं माय. आठेच व्हती तू."

मंदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी भीतभीत विचारलं, "अक्का, नाना तर नसतील?"

"तुझे भावजी?" ती फणकारली. "जन्मात पाण्याचा तांब्या उचलून घेतला नाही त्या माणसानं. ते तिजोरी फिरवतील?"

संध्याकाळी तिनं बॅग सोडली. आज ती आमच्याकडेच आहे. पुढच्या खोलीत झोपते. मागच्या खोलीत तिजोरी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिघांपैकी कोणालाच ती पुन्हा फिरवायची हिंमत नाही. नातीचं लग्न ठरेल तेव्हा बघू म्हणतो. मला विचाराल, तर मी हरलो. पाणसळ, रांगोळी, साडू, टेस्टर, कशानंच उत्तर मिळालं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, फक्त व्हायब्रेशन म्हणू नका.

आणि हो, घरात एक नियम झालाय, कोणी न ठरवता. त्या खोलीत एकटं कोणी जायचं नाही. पापडाचा डबा आणायचा असला तरी अक्का आणि मंदा दोघी जातात, दोघी येतात, एकमेकींचा हात धरून. समोरच्या वहिनी परवा भारावून मला म्हणाल्या, "भाऊ, नणंद-भावजयीचं असं प्रेम आजकाल कुठं दिसतं? एकमेकींना क्षणभर सोडत नाहीत!"

मी मान डोलावली. त्यांना काय सांगणार?