बाटलीची ओळख परेड

बाटलीवर 'नायट्रेट' लिहिलंय, एवढ्यावरून तुम्ही एखाद्या मुलीला बॉम्बवाली ठरवाल का? घाईने 'नाही' म्हणू नका. बुलढाण्यात त्या दिवशी अख्ख्या गल्लीने ठरवलं होतं. ती घटना मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक घरमालक धापा टाकत आला. "साहेब, माही भाडेकरीण खोलीत बारूद बनवून राह्यली! दाराखालून असा वास येते, डोळे जळतात."

पंचांना घेऊन झडतीला गेलो. सापडली कपाशीच्या पऱ्हाटीची, म्हणजे वाळलेल्या काड्यांची जुडी, पुस्तकं आणि 'नायट्रेट' लिहिलेली घट्ट बुचाची एक लहान बाटली. मुलगी कॉलेजात रसायनशास्त्राचं संशोधन करत होती. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून रेल्वेगाडी धरून नागपुरात तो नमुना दाखवायचा होता. त्यावर तिची पुढच्या संशोधनाची जागा ठरणार होती. गुन्हा नोंदवला की ती जागा गेली.

ठाण्यात मी विचारलं, "यात काय आहे?"

"मीठ, सर."

हवालदार हसला. "पातळ मीठ? आमाले येडं समजतं काय वं?"

"काका, खायचं मीठ वितळवाले भट्टी लागते. हे अमाइनचं नायट्रेट मीठ, असंच पातळ राहते. स्पिरिटसारखं उडत नाही, म्हणून वासही नाही. पऱ्हाटीतला चिकट भाग यात विरघळून धागा मोकळा होते का, ते मी पाहून राह्यली. तुम्ही चुलीत घालता ना, तेच पऱ्हाटी."

कॉलेजच्या प्राध्यापकांना बोलावलं. नमुना प्रयोगशाळेतलाच, नोंद करून नेलेला आणि स्फोटक नाही, असं त्यांनी लेखी दिलं. तरी वरून फोन आला: "पत्रकार थांबलेत. अटक दाखवा. घरमालकाने स्वतः वास घेतलाय."

"लेखी आदेश पाठवा, साहेब," मी म्हणालो. फोन बंद झाला. आदेश कधीच आला नाही.

मग मी ओळख परेड घेतली. माणसांची नव्हे, वासाची. पंचांसमोर चार बाटल्या कापडात गुंडाळून ठेवल्या. प्राध्यापकांनी एकेक बूच उघडलं. घरमालकाने पहिली हुंगली. "हे तं पाणी हाय." दुसरी रॉकेलची, ती लगेच ओळखली. तिसरी हुंगून म्हणाला, "हेही पाणीच." चौथीला मात्र उसळला, "हेच! हेच साहेब!"

मी कापड काढलं. ते आमच्या संडासाचं फिनाईल होतं. तिसरी बाटली त्या मुलीची होती.

"आता सांगा, दाराखालून काय येत होतं?"

तो बाटल्यांपासून मागे सरला. मग पुटपुटला, "तिच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो पाह्यला, साहेब. जात आधी सांगतली नव्हती तिनं. गल्लीतले लोक बोलून राह्यले होते. खोली खाली कर म्हटलं तं करेना."

"काऊन करू?" बाकावरून ती उठली. "भाडं देतो मी. फुकट नाही राह्यत."

तिला बाटली सन्मानाने परत दिली आणि खोटी माहिती दिल्याबद्दल घरमालकावर कारवाई केली. ती नांदुऱ्याला वेळेत पोचली. ती जागाही तिला मिळाली.

नोकरीत मी बरीच घातक द्रव्यं पाहिली. त्यांना वास असतो, रंग असतो, तपासणी असते. माणसाच्या मनातल्या विषाला यातलं काहीच नसतं, आणि ते वर्दीच्या हातून काम करून घेऊ पाहतं. वर्दीने ते नाकारलंच पाहिजे.

तुमच्या गल्लीत पोलिसांची गाडी थांबली, तर दार लावून खिडकीतून बघू नका. ठाण्यात या आणि मोठ्याने विचारा: काय जप्त केलं, आणि ते कोणी तपासलं?