उलटी जर्सी

"बाबा, कोच इज नो मोअर," मुलीने दुकानात शिरता शिरता सांगितलं, तेव्हा मी एका पँटची लांबी मापत होतो. फीत हातातच राहिली. सहा आठवडे झाले त्याला... अजूनही शारजातल्या माझ्या या शिवणकामाच्या दुकानात कुणी वाकून शिरलं की मी मशीन थांबवतो.

सर्गेई तिला बास्केटबॉल शिकवायचा. साडेसहा फूट उंची, त्यामुळे आमच्या दारापुढे रोज मान तुकवणारं ते एकच गिऱ्हाईक. काळा चहा घेऊन बसला की मोडक्या हिंदीत एकच कथा सुरू व्हायची. रशियात नदीकाठच्या एका छोट्या गावात कारखान्याच्या कामगारांनी उभा केलेला क्लब. सर्गेई त्यात बारा वर्षं खेळला. मग नवे मालक आले, त्यांनी क्लब उचलून मोठ्या शहरात नेला आणि नावही बदललं. "टीम गया, बस गया, बॉल भी गया. हॉल उधर ही खड़ा," तो म्हणायचा. नव्या क्लबच्या इतिहासाचं पहिलं पानच नव्या शहराचं. गावाचा साधा उल्लेख नाही. ते नवं नाव त्याने कधी तोंडातून काढलं नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या कोकणात गाव सुटलं तरी ते आडनावात राहतं. वीस वर्षं इथे आहे, तरी मी पावसकरच. हे त्याला इतकं आवडलं, की तेव्हापासून तो मला पावसकर म्हणूनच हाक मारू लागला.

दोन वर्षांपूर्वी त्याने आपली जुनी निळी जर्सी आणली. छातीवरची पांढरी अक्षरं सुटत चालली होती, एकदोन तर गळूनच गेली होती. "पावसकर, टाइट कर दो." काम एवढंच. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! त्याचा वाढदिवस जवळ आला होता, म्हटलं सगळंच नवं करून देऊ. रशियन मला कुठे वाचता येतं? मुलीने फोनवर त्याच्या नावावरून क्लब शोधून दिला. तिथे जे नाव दिसलं ते मी सुबक कापलं, आणि जुनी अक्षरं घाईघाईने उसवून त्यांच्या जागी शिवलं.

सर्गेईने त्या अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवलं. "पुराना नाम किधर?"

ते चिंध्यांच्या पिशवीतून कचऱ्यात गेलं होतं.

"खलास, हबीबी," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. आठवड्याने आला तो जर्सी उलटी घालून, शिवणी बाहेर. पुढे कायम तशीच. मुलं हसायची. तो मात्र पूर्वीसारखाच चहा मागायचा, माझ्या मुलीचं कौतुक करायचा. "उसवून देतो" हे शब्द रोज माझ्या ओठांवर यायचे आणि लाजेने मी ते गिळायचो. उसवून तरी काय, जुनी अक्षरं आणू कुठून?

परवा त्याची बायको लेना ती जर्सी घेऊन आली. "वो बोला था, पावसकर को देना." ती समोर बसली होती, आता टाळता येईना, म्हणून नवं नाव उसवायला हातात कातर घेतली. टाके निघत गेले तसं खालचं कापड उघडं पडलं. बाकीची जर्सी उन्हाने विटली होती, पण जिथे जुनी अक्षरं होती तिथला निळा रंग अजून गर्द होता. पुसट का होईना, पूर्ण नाव. शिंप्याला हे ठाऊक असायला हवं होतं... लेनाने ते हळूच वाचून दाखवलं, आणि मग तिला रडू आवरेना.

जर्सी आता मशीनसमोर टांगली आहे, सुलट. उसवायला जेमतेम अर्धा तास लागला. दोन वर्षं तो रोज इथेच, माझ्यासमोर चहा पीत बसायचा.